करकपातीचा प्रस्ताव पुराणमतवादी कसोटीवर कसा तपासावा

कर कमी करा, कर्ज आवरा आणि सरकारचा पसारा मर्यादित ठेवा, या तीन मागण्या पुराणमतवादी अर्थविचारात एका दमात उच्चारल्या जातात. प्रत्यक्ष अर्थसंकल्पात मात्र त्या क्वचितच एकत्र नांदतात. पहिली मागणी पूर्ण करून श्रेय घ्यायचे आणि उरलेल्या दोन पुढच्या सरकारवर सोडायच्या, हा सोयीचा मार्ग अनेकांनी पत्करला आहे. त्यामुळे एखाद्या पक्षाने करकपात जाहीर केली की ती या विचाराशी खरोखर सुसंगत आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. हा विचार आपल्याला पटतो की नाही, याचा या तपासणीशी संबंध नाही.

सुरुवात कराच्या दरापासून करू नये, एकूण खर्चापासून करावी. मिल्टन फ्रिडमन हे अर्थतज्ज्ञ सातत्याने सांगत, की सरकारचा खरा भार कराच्या आकड्यावरून नव्हे तर खर्चाच्या आकड्यावरून मोजावा, कारण झालेला खर्च आजच्या करातून, उद्याच्या करातून किंवा महागाईतून कोणाला तरी भरावाच लागतो. सरकारी खर्चाचे देशाच्या सकल उत्पादनाशी असलेले प्रमाण पाहावे आणि तेही एकाच वर्षाचे पाहू नये. मंदीत उत्पादन घटते आणि बेकारीभत्त्यासारखा खर्च वाढतो, त्यामुळे धोरण न बदलताही हे प्रमाण फुगते.

यानंतरचा प्रश्न असा, की घटणारा महसूल कोठून भरून काढणार? खर्च कमी करून, आर्थिक वाढीतून की कर्जातून? वाढीचे उत्तर सर्वांत लोकप्रिय आहे आणि तेच सर्वांत काळजीपूर्वक तपासावे. दर फार चढला की महसूल उलट घटतो असे दाखवणाऱ्या, अर्थतज्ज्ञ आर्थर लाफर यांच्या वक्ररेषेचा आधार घेऊन दर घटवला की महसूल वाढतो असे सांगितले जाते. परंतु दर आधी किती होता यावर सारे अवलंबून असते. ब्रिटनमध्ये 1979 साली कमावलेल्या उत्पन्नावरील कमाल दर 83 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर आणला गेला. मुळात मध्यम असलेल्या दरातील कपातीला तोच युक्तिवाद लावता येत नाही. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने 2012 साली वाढीच्या भरवशावर मोठी करकपात केली. महसुलाला खिंडार पडले आणि 2017 साली रिपब्लिकन बहुमताच्याच विधिमंडळाने आपल्याच पक्षाच्या राज्यपालांचा नकाराधिकार डावलून ती मागे घेतली. रोनाल्ड रेगन यांच्या काळात कमाल दर 70 टक्क्यांवरून 28 टक्क्यांपर्यंत उतरला, पण संरक्षणखर्च वाढला, अन्य खर्च पुरेसा आटोक्यात आला नाही आणि संघराज्याचे कर्ज आठ वर्षांत जवळजवळ तिपटीवर गेले.

या बाबतीत ब्रिटनच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाचे दोन अर्थसंकल्प शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. 1981 साली ऐन मंदीत मार्गारेट थॅचर यांचे अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी तूट आवरण्यासाठी कर वाढवले: महागाई असतानाही प्राप्तिकराची सवलतमर्यादा गोठवली आणि पेट्रोल, मद्य व तंबाखूवरील शुल्क चढवले. त्याविरुद्ध 364 अर्थतज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहिले. याउलट सप्टेंबर 2022 मध्ये लिझ ट्रस यांच्या सरकारने सुमारे 45 अब्ज पौंडांची करकपात स्वतंत्र वित्तीय अंदाजाशिवाय आणि खर्चकपातीशिवाय जाहीर केली. सरकारी कर्जरोख्यांचे व्याजदर उसळले, बँक ऑफ इंग्लंडला रोखेखरेदीसाठी उतरावे लागले आणि महिन्याभरातच ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. घोषणांवरून पाहिले तर दुसरा अर्थसंकल्प अधिक पुराणमतवादी वाटतो. माझ्या मते या परंपरेशी प्रामाणिक होता तो पहिला.

कर्जाचा आकडा ऐकून दचकण्याऐवजी प्राथमिक तूट शोधावी, म्हणजे व्याज वगळता खर्च आणि महसूल यांतील फरक. समजा कर्ज उत्पादनाच्या 100 टक्के आहे, सरासरी व्याजदर 4 टक्के आणि चालू किमतींनुसार उत्पादनवाढीचा वेग 2 टक्के आहे. अशा वेळी कर्जाचे प्रमाण आहे तेथेच राखण्यासाठीही दरवर्षी उत्पादनाच्या सुमारे 2 टक्के प्राथमिक शिल्लक, म्हणजे व्याज वगळता खर्चाहून जास्त महसूल, लागते. म्हणजे प्राथमिक तूट शून्यावर आणली तरी हे प्रमाण वाढतच राहते. प्रस्तावात व्याजदराचे गृहीतक दिलेले नसेल, तर कर्जाविषयीचे आश्वासन तपासताच येत नाही.

कपातीची मुदतही पाहावी. अमेरिकेत 2017 च्या कायद्याने कंपनीकर 35 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर कायमचा आणला, तर व्यक्तींना मिळालेल्या बहुतेक सवलती 2025 अखेरपर्यंतच ठेवल्या. अशी मुदत घातली की कपातीने बुडणारा महसूल कागदावर कमी दिसतो. प्रत्यक्षात ती संपत आली की मुदतवाढीचा दबाव येतो आणि 2025 साली तसेच झाले.

मर्यादित सरकारची कसोटी पैशांपुरती नसते. विशिष्ट उद्योगाला दिलेली करसवलत हे वेगळ्या नावाचे अनुदानच असते, आणि एखादी सुविधा मालकांनी स्वखर्चाने पुरवावी अशी सक्ती केली तर सरकारी खर्च वाढत नाही, सरकारचा हस्तक्षेप मात्र वाढतो. सवलती काढून दर उतरवणारी 1986 ची अमेरिकी सुधारणा म्हणूनच या विचाराच्या अधिक जवळ जाते. अर्थात सवलत रद्द करणे हीच करवाढ मानणारा एक आग्रही गट याच गोटात आहे, तेव्हा बोलणारा कोणत्या गटाचा आहे हेही ध्यानात ठेवावे.

शेवटी, खर्चावर बंधन घालणारा नियम सुचवलेला असेल तर त्यातील अपवाद आधी वाचावेत. स्वित्झर्लंडच्या मतदारांनी 2001 साली सुमारे 85 टक्के मतांनी स्वीकारलेल्या नियमानुसार संघराज्याची खर्चमर्यादा तेजीमंदीचा हिशेब करून महसुलाशी जोडली जाते आणि झालेला जादा खर्च पुढील वर्षांत भरून काढावा लागतो. जर्मनीने 2009 साली संघराज्याच्या संरचनात्मक तुटीवर, म्हणजे तेजीमंदीचा परिणाम वगळून उरणाऱ्या तुटीवर, उत्पादनाच्या 0.35 टक्क्यांची मर्यादा राज्यघटनेतच घातली. मार्च 2025 मध्ये मात्र उत्पादनाच्या 1 टक्क्यावरील संरक्षणखर्च त्यातून वगळण्यात आला आणि या बदलासाठी पुढाकार घेणाऱ्यांत तेथील पुराणमतवादी पक्षच आघाडीवर होता.