म्युझिक व्हिडिओ आपल्याला पटवतो कसा ते कसं ओळखायचं ('मिले सुर' घेऊन करून बघू)

गाणं लागलं की आपण ऐकत बसतो आणि डोळ्यासमोरून काय काय गेलं ते लक्षातच राहत नाही, म्हणून पहिलं काम म्हणजे म्यूट करा. 'मिले सुर मेरा तुम्हारा' यासाठी बेस्ट आहे. १५ ऑगस्ट १९८८ ला दूरदर्शनवर पहिल्यांदा लागलं, सहाएक मिनिटांचं आहे, आणि भारत वेगवेगळ्या भाषांचा असला तरी एक आहे हे पटवायचं म्हणूनच बनवलेलं आहे, त्यामुळे युक्त्या सगळ्या दिसतात. मला ते अजूनही प्रचंड आवडतं, तरी सांगतोय.

म्यूटवर बघताना वहीत फक्त तीन गोष्टी लिहा. कोण दिसतं, मागे काय आहे, आणि त्याच्या लगेच नंतर काय येतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण व्हिडिओ जे म्हणतो ते शॉटमधे कमी आणि दोन शॉटच्या जोडात जास्त असतं. एक माणूस, कट, हजार मैलांवरचा दुसरा माणूस, आणि तुमचं मन आपोआप म्हणतं की हे एकच. कुणी तोंडाने सांगितलेलं नसतं, तुम्हीच जोडलेलं असतं, म्हणून तर ते पटतं.

सुरुवात बघा. शास्त्रीय गायक भीमसेन जोशी धबधब्यापाशी उभे राहून गातायत. माणूस गदगचा, आयुष्य गेलं पुण्यात, गातोय हिंदीत, आणि धबधबा तमिळनाडूतला कोडाईकनालजवळचा! पुढे सहा मिनिटं जे सांगायचंय ते पहिल्या फ्रेममधेच येऊन गेलंय. आता पाणी कुठे कुठे दिसतं ते शोधत जा, सुरुवातीला धबधबा, कर्नाटक संगीतातले गायक बालमुरलीकृष्ण येतात तेव्हा समुद्र, आणि शेवटी लताबाई जे गातात त्यात सुरांच्या नद्या सागराला मिळतात. शब्द आणि चित्र एकच गोष्ट सांगत असतील तर तिथे थांबून लिहून ठेवा, तिथेच सगळ्यात जास्त जोर लावलेला असतो. लताबाईंच्या पदराला तिरंगा आहे तोही यातलाच.

मग आवाज चालू करा. भाषा बदलत जाते, १४ भाषा आहेत, पण ओळ तीच आणि चाल तीच, भैरवी. मैफल संपताना गातात ती भैरवी, त्यामुळे आपल्याकडच्या कानाला ती आधीच ओळखीची आणि हळवी वाटते (आणि चालीमागे आपले मराठी संगीतकार अशोक पत्की आहेत हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही). तेच तेच ऐकून पटणं ही जुनी युक्ती आहे, पण इथे प्रत्येक वेळी नव्या भाषेत येतं म्हणून कंटाळा येत नाही.

चेहऱ्यांकडे वेगळं बघा. कमल हासन, बॅडमिंटनपटू प्रकाश पदुकोण, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा, तनुजा, कुणाच्याच खाली नावाची पट्टी नाही. म्हणजे तुम्ही ओळखणारच असं धरलेलं आहे, आणि ओळखलं की आपण त्यांच्यातले होऊन जातो. आणि नाही ओळखलं तर? मग तो खेळाडू बाजूच्या साध्या माणसासारखाच दिसतो, आणि व्हिडिओला तेही चालतं.

आता अवघड भाग, काय नाहीये ते बघा. १९८८ मधे पंजाब खलिस्तानी दहशतवादाने पेटलेला होता, पण इथे पंजाबी कडवं येतं तेव्हा त्याचा मागमूस नाही. मी याला खोटेपणा म्हणत नाही, जे तुटायची भीती होती तेच जोडलेलं दाखवलंय, पण ती भीती माहीत असल्याशिवाय व्हिडिओ अर्धाच कळतो, म्हणून ते साल काय होतं हे वाचाच. आणि अजून एक, सगळ्या भाषा समान म्हणतो पण सुरू हिंदीत होतो आणि संपतोही हिंदीतच. मराठी, तमिळ, बंगाली सगळं मधे. हे मला बऱ्याच वर्षांनी दिसलं, आणि दिसल्यावर विसरता आलं नाही.

शेवटी २०१० च्या २६ जानेवारीला आलेलं नवीन व्हर्जन शेजारी लावा. ते सोळा मिनिटांच्या वर आहे आणि सिनेमातले स्टार भरपूर. दोन्हीत साधी माणसं किती सेकंद दिसतात ते घड्याळ लावून मोजा, मत नंतर बनवा. आणि मग जुनं वीसेक वर्षांच्या कुणालातरी दाखवा, गाणं नाही तर त्याचा चेहरा बघत बसा, आणि ज्या शॉटमधलं एकही माणूस त्याला ओळखता आलं नाही तरी तो हसला तो शॉट परत लावा. तिथे प्रसिद्ध चेहरा काहीच करत नाहीये, जे काय करतोय ते कट आणि भैरवी.