श्रीलंकेत फिरताना: कुठे रेल्वे, कुठे बस, कुठे गाडी

श्रीलंका क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. नकाशा पाहून वाटतं, चार दिवसांत अख्खा देश होईल. बेत फसतात ते इथेच. डोंगरातले रस्ते अरुंद, वळणाचे आणि वस्तीतून जाणारे असल्यामुळे तासाला 30 किलोमीटर पडले तरी पुष्कळ. कँडी ते नुवारा एलिया अंतर 77 किलोमीटर, वेळ मात्र अडीच ते तीन तास. म्हणून आखणी किलोमीटरवर नको, तासांवर करा. पूर्ण सहलीसाठी एकच वाहन धरून बसायचीही गरज नाही. प्रत्येक टप्प्याचं वाहन वेगळं निवडलं तर पैसे वाचतात आणि प्रवास सुखाचा होतो.

विमानतळावर उतरल्यावर

विमानतळ कोलंबोत नाही, शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे. रात्री उशिरा उतरत असाल तर कोलंबोकडे जाऊच नका. जवळच्या निगोंबोत मुक्काम करा, सकाळी पुढे निघा. दिवसा कोलंबोला जायचं तर 187 क्रमांकाची बस सगळ्यात स्वस्त. टॅक्सीसाठी पिकमी किंवा उबर. ही ॲप्स घरीच उतरवून नंबर नोंदवून ठेवा, कारण ओटीपी येण्यासाठी चालू नंबर लागतो. पैसे बहुतेक चालक रोख मागतात. एका भारतीय रुपयाला साधारण तीन ते साडेतीन श्रीलंकी रुपये मिळतात, त्यामुळे हजाराचा आकडा ऐकून दचकू नका. पण सुटे जवळ हवेतच. बसमध्ये पाच हजारांची नोट पुढे केली तर कंडक्टरची पंचाईत होते आणि तुमचीही.

रेल्वे

रुळांची रुंदी आपल्याकडच्या ब्रॉडगेजएवढीच, साडेपाच फूट. डब्यांचे वर्ग तीन. दोन मार्ग आवर्जून करावेत असे आहेत.

पहिला डोंगरी मार्ग: कोलंबो फोर्टहून, म्हणजे कोलंबोच्या मुख्य स्थानकाहून, कँडी, नानू ओया, हापुतले, एल्ला आणि शेवटी बदुल्ला. कँडी ते एल्ला सहा-सात तास लागतात. सगळ्यांना हाच टप्पा हवा असतो, त्यामुळे आरक्षण साधारण 30 दिवस आधी खुलं झालं की पाहता पाहता संपतं. मग मधले दलाल तीच तिकिटं चढ्या भावाने विकतात. त्यांच्याकडून घेऊ नका. त्यापेक्षा हे उपाय बघा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची विनाआरक्षित तिकिटं त्याच दिवशी स्थानकाच्या खिडकीवर मिळतात. जागेची हमी नसते. गाडी जिथून सुटते तिथूनच चढलात तर बसायला मिळण्याची शक्यता बरीच वाढते. मधल्या कँडीला चढणाऱ्यांना बहुधा उभं राहावं लागतं. उलट दिशेने, म्हणजे बदुल्ला किंवा एल्लाहून कँडीकडे आलात तर गर्दी कमी लागते. लहान मुलं किंवा वयस्क मंडळी बरोबर असतील तर सात तासांचा हट्ट सोडा. नानू ओया ते एल्ला एवढाच अडीच-तीन तासांचा तुकडा करा. चहाचे मळे, धुकं, बोगदे आणि 1,891 मीटर उंचीवरचं पट्टीपोला स्थानक, सगळं त्यातच येतं.

वर्ग निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वातानुकूलित पहिल्या वर्गाच्या काचा उघडत नाहीत. फोटो काढायचे असतील, वारा हवा असेल तर दुसऱ्या वर्गाचं आरक्षण जास्त चांगलं. दारात लटकून फोटो काढण्याचं वेड इथे फार आहे. कातळ, खांब आणि बोगद्यांच्या भिंती डब्याला अगदी खेटून असतात. लटकू नका.

कँडी स्थानक मुख्य मार्गावर नाही, बाजूला आहे. म्हणून कँडीत शिरलेली गाडी बाहेर पडताना उलट्या दिशेने धावते. खिडकीची बाजू ठरवताना हे विसरलात तर पाठमोरं बसावं लागतं. काही गाड्या कँडीत शिरतच नाहीत, पेरादेनिया जंक्शनवरून परस्पर पुढे जातात. तिकीट काढताना गाडी नक्की कुठे थांबते ते विचारा. आरक्षणाला पासपोर्टचा क्रमांक लागतो, प्रवासात मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. उतरल्यावर फाटकाशी तिकीट परत घेतात, तोवर ते टाकू नका.

नुवारा एलियाला स्वतःचं स्थानक नाही. नानू ओयाला उतरून पुढे सात-आठ किलोमीटर बस किंवा रिक्षा. एल्लाजवळचा नऊ कमानींचा पूल गाडीतून धड दिसत नाही. तो पाहायला एल्लाहून रुळांकडे चालत जा आणि वरून गाडी जाताना बघा.

महत्त्वाचं: नोव्हेंबर 2025 मध्ये आलेल्या दितवा चक्रीवादळाने डोंगरी मार्गाचं मोठं नुकसान केलं. हॉटेलं पक्की करण्याआधी कुठला टप्पा चालू आहे हे रेल्वेकडून खात्रीने जाणून घ्या. बंद असेल तर त्या टप्प्याला बस किंवा भाड्याची गाडी धरा.

दुसरा मार्ग किनाऱ्याचा: कोलंबो फोर्टहून गाल्ल, मातारा आणि पुढे बेलियत्तापर्यंत. दक्षिणेला जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्याच बाजूला. गाल्लपर्यंत अडीच-तीन तास. कामावरून घरी परतणाऱ्यांची संध्याकाळची गर्दी मुंबईच्या लोकलची आठवण देते, तेव्हा सामान घेऊन चढू नका.

बस

लाल बस सरकारी, बाकी रंगांच्या बहुतेक खासगी. पाटीवर सिंहली, तमिळ आणि इंग्रजी असतं, पण क्रमांक पाठ ठेवणं सोपं. कोलंबो ते कँडी 1, कोलंबो ते गाल्ल-मातारा 2, कोलंबो ते बदुल्ला 99. पुढची जागा बौद्ध भिक्खूंसाठी राखीव असते. रिकामी दिसली तरी भिक्खू चढले की लगेच उठायचं. छोट्या वातानुकूलित बसमध्ये मोठ्या बॅगेला जागा नसते. बॅग सीटवर ठेवली तर त्या सीटचंही तिकीट पडतं, आणि ते रास्तच आहे.

गाल्लला लवकर पोचायचं असेल तर रेल्वे नको, एक्स्प्रेसवेची बस घ्या. ती कोलंबोच्या दक्षिणेला असलेल्या माकुंबुराहून सुटते. फोर्टकडून तिथे यायला 138 क्रमांकाची बस आहे. दीड तासाच्या आत गाल्ल येतं. किनाऱ्याच्या जुन्या रस्त्याने त्याच्या दुप्पट वेळ जातो.

चालकासह गाडी

दंबुल्ला, सिगिरिया आणि पोलोन्नारुवा या पट्ट्यात रेल्वेचा फारसा उपयोग नाही. पोलोन्नारुवाचं स्थानकही जुन्या शहरापासून चारेक किलोमीटरवर, कदुरुवेलाला आहे. चौघे जण असाल तर या दोन-तीन दिवसांपुरती चालकासह गाडी घ्या. एल्लाहून 'याला' नावाच्या अभयारण्याकडे उतरतानाही तेच करा, तिथे रेल्वे नाही. (वाटेत रस्त्यालगतच रावणाच्या नावाचा धबधबा लागतो, दहा मिनिटं थांबण्यासारखा आहे.)

ठरवताना या गोष्टी लिहून घ्या: दिवसाला किती किलोमीटर धरलेत, वरच्या किलोमीटरचा दर काय, इंधन, टोल आणि पार्किंग कोणाकडे, चालकाच्या जेवणाराहण्याचं काय. बरीच हॉटेलं चालकाला खोली देतात, सगळी देत नाहीत, म्हणून आरक्षण करतानाच विचारा. दिवसभर घाटात गाडी हाकणाऱ्या माणसाला रात्री नीट झोप मिळणं ही तुमच्या सुरक्षिततेचीही बाब आहे. मसाल्यांच्या बागा आणि रत्नांची दुकानं चालकांना दलाली देतात. नको असतील तर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. याच पट्ट्यातल्या हबराणा गावाच्या परिसरात अंधार पडल्यावर हत्ती रस्त्यावर येतात, तेव्हा सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोचा.

स्वतः चालवायचं असेल तर वाहतूक डावीकडूनच आहे, पण भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना एकटा पुरत नाही. त्यावर तिथल्या वाहन संघटनेची नोंद किंवा तात्पुरता स्थानिक परवाना लागतो. समोरून ओव्हरटेक करत येणारी बस हा सगळ्यात मोठा धोका. बाजूला व्हा, हक्क गाजवू नका. रिक्षा आणि मोटारसायकल एक्स्प्रेसवेवर चालत नाहीत.

रिक्षा

कोलंबोत मीटर किंवा ॲप. लहान गावात ॲपवर गाडी मिळाली नाही तरी त्यात दिसणारं भाडं बघा आणि तिथून बोलणी सुरू करा. बसण्याआधी 'कीयद?' म्हणजे किती, आणि उतरायचं असेल तिथे 'मेतन नवत्तन्न', इथे थांबवा. तमिळ भागात अर्थातच हे चालणार नाही, तिथे सरळ इंग्रजी बोला.

तारखा

13-14 एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला सगळे गावी जातात. आधीचे दिवस बस-रेल्वे तुडुंब, नंतर चालक मिळत नाहीत. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, देशभर सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला जोडून आली की कँडी आणि नुवारा एलियाचे रस्ते भरतात.

परतीचं विमान असेल त्या दिवशी एल्लाहून निघू नका. रस्त्याने सहा-सात तास लागतात आणि पावसात दरड पडली तर हिशेबच चुकतो. आदल्या रात्री निगोंबोत या.