तारावा ते किरितिमाती : विमानाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

जगाच्या नकाशात प्रशांत महासागरातला किरिबाटी हा देश बहुधा दोन तुकड्यांत सापडतो. राजधानी तारावा उजव्या कडेला, किरितिमाती बेट डाव्या कडेला. दोन्ही विषुववृत्ताच्या जरा उत्तरेला, आणि मधलं सरळ अंतर सुमारे 3,290 किलोमीटर. हा साधा आकडा काढताना गाडी घसरते ती रेखांशावर.

तारावा 173 अंश पूर्वेला आहे, किरितिमाती 157.4 अंश पश्चिमेला. पश्चिम रेखांशाला वजा चिन्ह लावायचं राहिलं की फरक येतो 15.6 अंश आणि अंतर 1,730 किलोमीटर, म्हणजे जेमतेम निम्मं. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून ही चूक सगळ्यात घातक. चिन्ह लावलं, पण नुसती वजाबाकी केली तर फरक 330.4 अंश आणि अंतर साडेछत्तीस हजार किलोमीटरच्या वर. पृथ्वीचा घेरच 40,000 किलोमीटर. कुठलीही दोन ठिकाणं साधारण 20,000 पेक्षा लांब असूच शकत नाहीत. फरक 180 च्या वर गेला की तो 360 मधून वजा करा. उरतात 29.6 अंश. विषुववृत्ताजवळ एका रेखांशामागे सुमारे 111 किलोमीटर धरा, हिशेब लगेच जुळतो. ऑनलाइन कॅल्क्युलेटर 180 ची रेषा बहुधा स्वतः सांभाळून घेतात. तुम्ही विसरलेलं वजा चिन्ह मात्र त्यांना कळत नाही.

अक्षांश 1 अंश 52 मिनिटं असेल तर 1.52 लिहू नका, 1.87 लिहा, कारण एका अंशात 60 मिनिटं असतात. उत्तर सागरी मैलात आलंय का तेही बघा. एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

नावाचाही घोळ होतो. किरितिमातीला इंग्रजीत ख्रिसमस आयलंड म्हणतात, आणि त्याच नावाचं ऑस्ट्रेलियाचं बेट हिंदी महासागरात, जावाच्या दक्षिणेला आहे. विमानतळाचा कोड तपासा : किरितिमातीचा सीएक्सआय, त्या दुसऱ्या बेटाचा एक्ससीएच.

आता वेळ. ताशी 800 किलोमीटरने चार तास, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरून साडेचार. पण तारावाचं घड्याळ जागतिक वेळेच्या 12 तास पुढे, किरितिमातीचं 14 तास. सकाळी आठला निघालात तर तिथे अडीच वाजलेले असतील. परतताना आठला निघून साडेदहाला पोहोचाल. तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी म्हणजे उड्डाणाचा वेळ नव्हे. जुने अ‍ॅटलासही इथे फसवतात, कारण 1995 मध्ये किरिबाटीने आपली पूर्वेकडची बेटं वाररेषेच्या (जिथे वार बदलतो ती रेषा) अलीकडे, म्हणजे तारावाच्याच बाजूला घेतली. होनोलुलू आणि किरितिमातीच्या घड्याळात आज एकच वेळ असते, वार मात्र वेगळा. होनोलुलूहून मंगळवारी निघालेला माणूस तीनेक तासांनी उतरतो तो बुधवारी.

एवढं सगळं बरोबर काढूनही थेट विमान आहे असं गृहीत धरू नका. कित्येक वर्षं तारावाच्या माणसाला स्वतःच्याच देशातल्या या बेटावर जायला फिजीतल्या नाडीला जावं लागे : आधी दक्षिणेला सुमारे 2,180 किलोमीटर, मग ईशान्येला 3,500. एकूण अंतर पावणेदोनपट, शिवाय पुढच्या विमानासाठी मुक्काम. एअर किरिबाटीने 2019 मध्ये एम्ब्रेअर जेट घेतलं ते थेट उड्डाणाच्या उद्देशाने. तरी चालू वेळापत्रक पाहिल्याशिवाय साडेचार तासांवर बेत आखू नका, आणि वाट फिजीहून असेल तर पासपोर्ट सोबत ठेवा.