लग्न ठरलंय? बाळाची वाढ खुंटू नये म्हणून या चुका टाळा

साखरपुडा झाला की हॉल, बस्ता, आहेर अशी भलीमोठी यादी तयार होते. त्या यादीत नवरा-नवरीच्या रक्ततपासणीला जागा नसते, हे मला फार खटकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आई अशक्त असली की बाळाची वाढ पोटातच कमी होते, आणि पहिल्या दोन वर्षांत मागे पडलेली उंची नंतर भरून निघणं अवघड असतं.

"आईबापच बुटके, मूल कुठून उंच होणार?"
जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतली मुलं तपासून वाढीचे तक्ते बनवले. त्यात दिल्लीचीही होती. पोषण नीट असलेली ही सगळी लहान मुलं जवळपास सारखीच वाढली. तेव्हा सगळं अनुवंशावर ढकलू नका.

"पाळी चुकली की बघू"
सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत पक्का होतो, तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून फॉलिक अॅसिड (रोज ४०० मायक्रोग्रॅम) किमान महिनाभर आधी सुरू हवं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते वर यायलाही दोन-तीन महिने लागतात. लग्नाची तारीख ठरते त्याच आठवड्यात तपासून घ्या.

लोहाची गोळी घेतली, पण हिमोग्लोबिन हलत नाही
आधी गोळी कशी घेता ते पाहा. जेवण झालं, गोळी तोंडात टाकली आणि वर कपभर चहा प्यायला, तर त्यातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही. चहा आणि दूध तास-दोन तास लांब ठेवा, गोळीसोबत लिंबूपाणी घ्या. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळं होतं म्हणून कित्येक जणी घाबरून गोळी सोडतात. त्यात धोका काहीच नाही. हे सगळं पाळूनही आकडा हलत नसेल तर जंत आणि पाळीतला जास्त रक्तस्राव तपासा, आणि थॅलेसेमिया मायनरची चाचणी करा (म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे आपण वाहक आहोत का ते कळतं). दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. विदर्भ, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही तपासा.

लग्नात बारीक दिसायचं म्हणून उपाशी राहणं
आधीच वजन कमी असलेल्या मुलीने तर हे मुळीच करू नये. पुढे सासरी सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायचं, पातेल्याच्या तळाशी उरलेला रस्सा आणि एक भाकरी, ही रीतही तिथेच मोडायला हवी. मुलाने पहिल्या दिवसापासून "माझ्यासोबत बस" म्हणावं. त्याचं म्हणणं घरात ऐकलं जातं.

"तपासणी काय ती मुलीची"
मुलाचं रक्तही तपासा. त्याच्या विडी-सिगारेटच्या धुराने बाळाचं वजन घटतं, आणि मिश्री लावणाऱ्या मुलीच्या बाळाचंही. दोघांनी लग्नाआधीच सोडलेलं बरं.

घाईचं लग्न, घाईचं मूल
ऊसतोडीची उचल जोडप्याला, म्हणजे "कोयत्या"ला मिळते, म्हणून हंगामाआधी कोवळ्या पोरींची लग्नं उरकणारी घरं मराठवाड्यात आजही आहेत. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहेच, शिवाय तिचं स्वतःचं शरीर वाढायचं असतं. लग्न झालंच असेल तर निदान पहिलं मूल लांबवा. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला किमान दोन वर्षांचं अंतर हवं. त्यासाठी निरोध, तांबी, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. यातलं काय वापरायचं ते दोघांनी लग्नाआधीच आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून ठरवा.