हाताने चालणारी स्क्रिप्ट आपोआप का चालत नाही? : नव्याने या कामात येणाऱ्यांसाठी

डेस्कटॉपवरच्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट (ठरावीक काम आपोआप करणाऱ्या कमांडच्या फाइल) दुरुस्त करणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. कुणाची बॅच फाइल (विंडोजच्या कमांड ओळीने लिहिलेली फाइल) रात्रीचा बॅकअप घेत नाही, कुणाची पायथन स्क्रिप्ट एक्सेल फाइल एकत्र करता करता मध्येच थांबते, कुणाची ऑटोहॉटकी स्क्रिप्ट (कीबोर्ड-माउसची नक्कल करणारी) भलत्याच विंडोमध्ये टाइप करत सुटते. या कामात नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते, की काल चालणारी स्क्रिप्ट आज बंद पडली असेल तर कोड सगळ्यात शेवटी उघडा. कोड कालचाच आहे. भोवती काय बदललं ते आधी शोधा: फोल्डर हलला का, पासवर्ड बदलला का, फाइलचं नाव तेच आहे का, स्क्रिप्ट चालवणारा युजर कोण आहे, मशीन नवीन आहे का. नवखी मंडळी पहिल्याच मिनिटाला कोडमध्ये हात घालतात. अर्ध्या तासाने मूळ बिघाड तसाच असतो आणि त्यात यांनी केलेल्या बदलांची भर पडलेली असते.

पहिलं काम म्हणजे एरर डोळ्यांना दिसेल अशी व्यवस्था करणं. बॅच फाइलवर डबल क्लिक केलं, काळी विंडो क्षणभर चमकली आणि गेली, ही तक्रार मी सतत ऐकते. अशा वेळी डबल क्लिक करू नका. आधी कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि फाइल तिथून चालवा, म्हणजे स्क्रिप्ट संपली तरी विंडो उघडी राहते आणि शेवटची ओळ वाचता येते. फाइलच्या सुरुवातीला ‘इको ऑफ’ असेल तर ते तात्पुरतं काढा, म्हणजे कोणती कमांड चालली आणि कुठे अडकली ते ओळीगणिक दिसतं.

स्क्रिप्ट कुणी समोर नसताना चालणार असेल तर लॉग, म्हणजे काय काय झालं ते लिहून ठेवणारी फाइल, हवाच. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. प्रोग्रॅमचं नेहमीचं आउटपुट आणि त्याचे एरर हे दोन वेगळे प्रवाह असतात. फक्त पहिला फाइलकडे वळवला तर लॉगमध्ये सगळं येतं, नेमका एरर तेवढा येत नाही. म्हणून कमांडच्या शेवटी >> आणि लॉगचं नाव, आणि त्याच्या नंतर 2>&1 लिहायचं. क्रमही हाच हवा, उलटा लिहिला तर एरर फाइलपर्यंत पोचत नाहीत. पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या नव्या कमांड लाइनमध्ये) ‘स्टार्ट-ट्रान्सक्रिप्ट’ ही कमांड सुरुवातीला टाकली की बरंचसं काम होतं. पायथनचा लांबलचक एरर पाहून घाबरू नका, तो खालून वर वाचायचा असतो: शेवटच्या ओळीत काय झालं ते असतं आणि तिच्या वरच्या ओळींत कुठे झालं ते.

आता एक प्रकरण जरा तपशिलात सांगते, कारण या एकात अनेक गोष्टी शिकायला मिळतात. हिशेबाचं काम पाहणारे एक सहकारी आले. म्हणाले, “मॅडम, हाताने चालवली की व्यवस्थित चालते. रात्री टास्क शेड्युलरने चालवली की सकाळी फाइलच नसते.” टास्क शेड्युलर म्हणजे ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी विंडोजमधली सोय. त्यात शेवटचा निकाल 0x1 दिसत होता. या आकड्यावरून लोक तासन्‌तास शोधाशोध करतात. त्याचा अर्थ बहुतेक वेळा इतकाच असतो, की शेड्युलरने स्क्रिप्ट सुरू केली, ती चालली, आणि काहीतरी फसल्यामुळे तिने स्वतःच 1 हा कोड परत दिला. म्हणजे शेड्युलर निर्दोष आहे, आत बघायला हवं.

स्क्रिप्टमधली एकही ओळ न बदलता मी वर दोन ओळी वाढवल्या. एक, आत्ता आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते छापणारी. दुसरी, आत्ता कोणत्या युजरच्या नावाने चाललो आहोत ते छापणारी. दोन्हींचं आउटपुट लॉगमध्ये. सकाळी लॉग उघडला तर फोल्डर होता सी ड्राइव्हवरच्या विंडोजमधला सिस्टम32. स्क्रिप्ट मात्र ‘डेटा’ नावाचा फोल्डर आपल्या शेजारी शोधत होती. डबल क्लिक केलं की स्क्रिप्ट जिथे ठेवलेली असते तोच फोल्डर चालू फोल्डर होतो, म्हणून हाताने चालवताना सगळं सापडायचं. शेड्युलरमध्ये ‘स्टार्ट इन’ हा रकाना रिकामा ठेवला की सुरुवात सिस्टम32 मधून होते. त्या रकान्यात स्क्रिप्टच्या फोल्डरचा पाथ, म्हणजे पूर्ण पत्ता, भरला. (पाथमध्ये मोकळी जागा असली तरी या रकान्यात अवतरणचिन्हं देऊ नका, त्यांनी अडतं.) दुसरा उपाय स्क्रिप्टमध्येच करता येतो. बॅच फाइलमध्ये टक्का, टिल्ड, डी, पी आणि शून्य असं मिळून जे लिहितात त्याचा अर्थ ‘ही फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो’. सुरुवातीलाच त्या फोल्डरमध्ये जायचं. मला हा दुसरा उपाय जास्त आवडतो, कारण उद्या स्क्रिप्ट दुसऱ्या मशीनवर नेली तरी तो सोबत जातो.

एवढं करूनही दुसऱ्या दिवशी फाइल नव्हती. लॉग मात्र आता पुढे सरकला होता: डेटा सापडला, पण झेड ड्राइव्ह सापडत नाही. झेड हा नेटवर्कवरच्या शेअर्ड फोल्डरला दिलेला ड्राइव्ह होता. अशी अक्षरं मशीनची नसतात, ती त्या त्या लॉगिनपुरती असतात. टास्क ‘युजर लॉगऑन असो वा नसो चालवा’ असा लावलेला होता, त्यामुळे त्याचं लॉगिन वेगळं आणि त्यात झेड नाही. अक्षराच्या जागी सर्व्हरच्या नावाने सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पाथ लिहिला आणि प्रश्न मिटला. एका बिघाडामागे दुसरा लपलेला असणं हे या कामात अगदी नेहमीचं आहे. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि लॉग किती पुढे गेला ते बघा. अंतिम फाइल अजून आली नाही म्हणून पहिला उपाय चुकीचा ठरत नाही.

शेड्युलरमधल्या आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. लॅपटॉपवर टास्क चालत नसेल तर ‘कंडिशन्स’ टॅब उघडा. मशीन चार्जिंगला असेल तरच टास्क सुरू करायचा, ही खूण तिथे आधीपासूनच केलेली असते. आणि ‘हिस्टरी’ टॅब बऱ्याच मशीनवर मुळात बंद असतो, तो चालू करून घ्या. त्याच्याशिवाय टास्क सुरू झालाच नाही की सुरू होऊन पडला, हे नीट कळत नाही.

लिनक्सवर क्रॉन (तिथला शेड्युलर) वापरत असाल तर कथा हीच, पात्रं वेगळी. टर्मिनलमध्ये चालणारी कमांड क्रॉनमध्ये ‘सापडत नाही’ म्हणते, कारण क्रॉनच्या ‘पाथ’मध्ये, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, मोजकेच फोल्डर असतात. कमांडचा पूर्ण पाथ लिहा. शिवाय क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या कामांच्या यादीच्या) ओळीत टक्क्याचं चिन्ह म्हणजे नवी ओळ, त्यामुळे फाइलच्या नावात तारीख घालणारी कमांड तिथे अर्धवट तुटते. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो.

माउसचे क्लिक आणि कीबोर्डची बटणं यांची नक्कल करणाऱ्या स्क्रिप्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुसरा कुठलाही मार्ग असेल तर त्या करू नका. प्रोग्रॅम फाइल एक्स्पोर्ट करून देत असेल, कमांड लाइन देत असेल, तर तिथूनच काम करा. क्लिकवर चालणारी स्क्रिप्ट स्क्रीनचं स्केलिंग 100 वरून 125 टक्के झालं की चुकीच्या जागी क्लिक करते. स्क्रीन लॉक असेल तर ती चालत नाही. आणि वर सांगितलेला ‘लॉगऑन असो वा नसो’ हा पर्याय लावला तर तिला दिसणारा डेस्कटॉपच नसतो. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, अशा पार्श्वभूमीतल्या गोष्टी सेशन शून्यात चालतात आणि ते युजरच्या स्क्रीनपासून पूर्ण वेगळं ठेवलेलं आहे. समोरचा प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून उघडलेला आणि तुमची स्क्रिप्ट साध्या युजरची असेल, तरी तिने पाठवलेली बटणं तिथे पोचत नाहीत.

तरीही अशी स्क्रिप्ट लिहावीच लागली, तर ‘पाच सेकंद थांब’ असं न लिहिता ‘अमुक विंडो उघडेपर्यंत थांब, आणि इतक्या वेळात उघडली नाही तर एरर देऊन बाहेर पड’ असं लिहा. पाच सेकंद आज पुरतात. मशीनवर अपडेट चालू असेल त्या दिवशी पुरत नाहीत, आणि तेव्हा ती आधीच्याच विंडोमध्ये टाइप करते. पायऑटोगुई (पायथनमधून क्लिक करणारी लायब्ररी) वापरत असाल तर माउस जोरात स्क्रीनच्या कोपऱ्यात नेला की स्क्रिप्ट थांबते. ही सोय बंद करू नका.

देवनागरी मजकुराशी आपल्याला रोज काम पडतं, म्हणून त्याबद्दल सविस्तर. अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. जुन्या एन्कोडिंगने ती फाइल वाचली की एका चिन्हाच्या जागी तीन विचित्र लॅटिन अक्षरं दिसतात. असा कचरा दिसला तर हायसं वाटू द्या, मूळ बाइट शाबूत आहेत, फक्त वाचण्याची पद्धत चुकली आहे. पण अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर बहुतेक वेळा मजकूर साठवतानाच गेलेला असतो, तो परत येत नाही. मूळ फाइल शोधा. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल 5.1 हे बीओएम (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण) नसलेली स्क्रिप्ट जुन्या एन्कोडिंगने वाचतं आणि पॉवरशेल 7 यूटीएफ-8 ने वाचतं. त्यामुळे तीच स्क्रिप्ट दोन मशीनवर वेगळी वागते. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग दरवेळी स्वतः लिहा. आणि तयार केलेली सीएसव्ही कुणी एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडणार असेल तर ‘यूटीएफ-8-सिग’ (बीओएमसकट यूटीएफ-8) वापरा, नाहीतर नावांचा खिचडा दिसतो आणि तक्रार तुमच्याकडे येते.

एक्सेलचीच आणखी एक गोष्ट. फोल्डरमधल्या सगळ्या एक्सेल फाइल एकत्र करणारी एक स्क्रिप्ट अचानक ‘ही झिप फाइल नाही’ असा एरर द्यायला लागली. स्क्रिप्टमध्ये झिपचा उल्लेखही नव्हता, त्यामुळे ती वापरणारी मुलगी पार गोंधळून गेली होती. आम्ही प्रत्येक फाइल उघडण्याआधी तिचं नाव छापलं. ज्या नावावर गाडी अडली ते ~$ या दोन चिन्हांनी सुरू होत होतं. एक्सेल फाइल उघडी असताना शेजारी अशी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. एक्सेल मध्येच बंद पडलं तर ती तशीच मागे राहते. तिचं एक्स्टेन्शन खऱ्या फाइलसारखंच असतं आणि खरी एक्सेल फाइल आतून झिपच असते, म्हणून हा एरर. त्या दोन चिन्हांनी सुरू होणारी नावं वगळा, अशी एक ओळ पुरली. लूपमध्ये काहीही अडलं तर आधी ‘कोणत्या नगावर अडलं’ ते छापा, निम्मं उत्तर तिथेच असतं.

बाकीचे नेहमीचे गुन्हेगार पटकन सांगते. नोटपॅडमध्ये साठवलेल्या बॅच फाइलला शेवटी गुपचूप टेक्स्टचं एक्स्टेन्शन लागलेलं असतं. एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय आजच चालू करा. वर्डमधून किंवा चॅटमधून कॉपी केलेल्या कमांडमध्ये वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅश येतात, ते हाताने पुन्हा टाइप करा. बॅच फाइलमधल्या फॉर लूपमध्ये टक्क्याचं चिन्ह दोनदा लागतं, प्रॉम्प्टवर एकदाच. फाइलच्या नावात तारीख घालताना तिच्यातल्या तिरक्या रेघा अडतात, म्हणून वर्ष, महिना, दिवस या क्रमाने आणि मध्ये डॅश देऊन लिहा. ऑटोहॉटकीची जुनी स्क्रिप्ट नव्या मशीनवर पहिल्याच ओळीला पडली तर आवृत्ती बघा, 1 साठी लिहिलेली स्क्रिप्ट 2 मध्ये सहसा चालत नाही.

फाइल पुसणाऱ्या किंवा हलवणाऱ्या स्क्रिप्टबाबत मी फार काटेकोर आहे आणि तुम्हीही असावं. फोल्डरचं नाव ठेवलेला व्हेरिएबल रिकामा राहिला तर पुसण्याची कमांड भलतीकडे चालू शकते. म्हणून तो रिकामा असेल तर तिथेच बाहेर पडा. चाचणीच्या वेळी पुसण्याऐवजी फक्त नावं छापा. पॉवरशेलच्या अशा बहुतेक कमांडना ‘व्हॉट-इफ’ जोडता येतं, ते नेमकं यासाठीच आहे. आणि परवानगीचा एरर आला की ‘ॲडमिन म्हणून चालवा’ किंवा ‘अँटिव्हायरस बंद करा’ असा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. ॲडमिनने चालवल्यावर एरर गेला तरी कोणत्या फाइलला कोणती परवानगी कमी होती ते अजून कळलेलं नसतं, आणि चुकीची स्क्रिप्ट आता जास्त नुकसान करू शकते.

सराव कसा करायचा, असं नवीन मुलं विचारतात. चालणारी एक छोटी स्क्रिप्ट घ्या आणि मुद्दाम मोडा. फोल्डरचं नाव बदला, फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवून चालवा, पाथमध्ये मोकळी जागा घाला, दुसऱ्या युजरने चालवा. प्रत्येक वेळी कोणता एरर येतो तो वहीत उतरवा. एररचा चेहरा आधी पाहिलेला असला की पुढे खऱ्या कामात तो ओळखू येतो.

मदत मागताना स्क्रीनचा तिरपा फोटो पाठवू नका, एररचा मजकूर कॉपी करून पाठवा. कोणती कमांड चालवली, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, शेवटची नीट कधी चालली आणि त्यानंतर मशीनवर काय बदललं, हे सगळं लिहा. हे लिहिता लिहिता बऱ्याच जणांना उत्तर स्वतःच सापडतं आणि मेसेज पाठवायची वेळ येत नाही. ज्यांना सापडत नाही त्यांचा मेसेज वाचून मी पहिला प्रश्न विचारते तो ठरलेला असतो: लॉगच्या पहिल्या दोन ओळींत फोल्डर कोणता आणि युजर कोणता?