गाडीचा एसी थंड करत नाही: गॅस भरायच्या आधी काय बघायचं

मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ ला टेकला की गॅरेजवर आलेलं बहुतेक गिऱ्हाईक एकच सांगतं, "एसीचा गॅस संपलाय, भरून द्या." आयटीआय करून या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना माझं पहिलं सांगणं हेच की, लगेच सिलिंडरला हात लावू नका. गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, बंद पाइपांतून तोच तो फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते मान्य. पण गेल्या वर्षी भरलेला यंदा संपला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता परत गॅस भरणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे हवेत सोडणं.

सुरुवात ब्लोअरपासून करा. हवाच कमी येत असेल तर केबिन फिल्टर काढून बघा, धुळीने गच्च भरलेला निघतो. हवा जोरात येते पण गरम, तर बॉनेट उघडा आणि कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा. कॉम्प्रेसरच्या (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाच्या) क्लचचा 'टक्' आवाज येतो का? पुलीच्या पुढची प्लेट फिरते का? (काही नव्या गाड्यांत क्लचच नसतो, तिथे स्कॅनर लागतो.)

क्लच बसत नसेल तर फ्यूज बघा, मग रिले (क्लचला करंट देणारा छोटा स्विच). शेजारी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांत निकाल लागतो. क्लचच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येत असूनही क्लच ओढत नसेल तर कॉइल मोजा, साधारण ३ ते ५ ओहम दाखवायला हवी. व्होल्टच येत नसतील तर गेज लावा, कारण गॅस फार कमी झाला की प्रेशर स्विचच क्लचला चालू होऊ देत नाही. तो स्विच वायर जोडून बायपास करणारे कारागीर मी पाहिलेत. असं अजिबात करू नका. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं, गॅस नसताना कॉम्प्रेसर चालवला तर तो जाम होतो.

आता गेज, म्हणजे प्रेशर दाखवणारे दोन काटे: निळा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या. मुलं इथेच फसतात. गाडी बंद असताना आर१३४ए गॅस ३५ अंशांना दोन्ही काट्यांवर साधारण ११५ पीएसआय दाखवतो. त्यावरून "गॅस फुल आहे" म्हणू नका. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी तेवढंच प्रेशर दिसतं. खरं काय ते गाडी चालू केल्यावर कळतं. दोन्ही काटे खाली तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली तर कॉम्प्रेसर दमलाय. निळा शून्याच्या खाली, व्हॅक्यूमकडे गेला तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅस बारीक भोकातून आत सोडणारा) तुंबलाय. दोन्ही चढलेले असतील तर कंडेन्सरवर (रेडिएटरपुढच्या, गॅस गार करणाऱ्या जाळीवर) पाणी मारा. लाल काटा झरकन उतरला आणि हवा गार झाली, तर फॅन बंद आहे किंवा जाळीत चिखल बसलाय. "हायवेला गार, सिग्नलला गरम" ही तक्रार बहुधा इथलीच.

गळती शोधताना तेलकट डाग बघा. गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. जॉइंट, कंडेन्सरचा खालचा कोपरा, कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील, सगळीकडे टॉर्च मारून बघा, शंका आली तिथे साबणाचा फेस लावा. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय होज सोडू नका. हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

गळती बंद केली की अर्धा तास व्हॅक्यूम, पंप बंद करून काटा हलत नाही ना ते बघायचं, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. छोट्या गाडीत जेमतेम चार-पाचशे ग्रॅम बसतो, त्यामुळे अंदाजाने मारलेला शंभर ग्रॅम जास्तीचा गॅससुद्धा कूलिंग बिघडवतो. स्टिकरवर आर१२३४वायएफ (हा वेगळा गॅस) लिहिलं असेल तर त्यात आर१३४ए टाकायचा नाही, गिऱ्हाईक कितीही घाई करो.