धमकी आणि शिवीगाळीची खासगी फिर्याद कशी करावी

‘आरोपीने अर्वाच्य भाषेत शिवीगाळ करून जिवे मारण्याची धमकी दिली’ हे वाक्य हजारो फिर्यादींत सापडते आणि त्यातून न्यायदंडाधिकाऱ्यांना काहीच कळत नाही. असल्या प्रकरणात शब्द हाच पुरावा असतो. म्हणून खासगी फिर्यादीत, म्हणजे थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या तक्रारीत, पहिले काम वकील शोधण्याचे नाही, लिहून ठेवण्याचे आहे.

त्याच दिवशी वेळ, जागा, हजर माणसे आणि बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा. वऱ्हाडीत बोलला असेल तर वऱ्हाडीत, हिंदीत असेल तर हिंदीत. शिवी लिहायला संकोच करू नका. फिओना श्रीखंडे प्रकरणात (2013) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की प्रत्यक्ष शब्द फिर्यादीत असलेच पाहिजेत असे नाही, फिर्याद एकंदर वाचायची असते. तरीही शब्द नसतील तर अपमान किती गंभीर होता हे ठरवायचे कशावरून? नुसता उद्धटपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम 352 मध्ये बसत नाही. ऐकणारा चिडून शांतताभंग करील असा अपमान हवा आणि बोलणाऱ्याचा तसा हेतू किंवा त्याला तशी जाणीव हवी.

धमकीचे कलम 351. इथे तुमच्या मनात भीती निर्माण करण्याचा किंवा तुम्हाला काही करायला वा टाळायला भाग पाडण्याचा हेतू दिसला पाहिजे. ‘बांधावरची तक्रार मागे घे, नाहीतर गोठा पेटवून देईन’ यात तो दिसतो; ‘बघून घेईन’ एवढ्यात सहसा दिसत नाही. त्यानंतर तुम्ही काय केले (रात्री शेतावर जाणे बंद केले, मुलांना मामाकडे पाठवले) तेही खरे असेल तर लिहा. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल तर भारतीय दंड संहितेची 504 आणि 506 ही कलमे लागतात.

मग पोलीस ठाणे. साधी धमकी (कलम 351(2)) आणि अपमान अदखलपात्र असल्याने तिथे ‘एनसी’ (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते. तिची प्रत घ्या. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यामुळे एनसी देऊन वाट पाहत बसणे व्यर्थ. मात्र लोकांसमोर जातीवरून अपमान झाला असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीचे असाल, किंवा स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द असतील, तर गुन्हा दखलपात्र ठरतो. तिथे एनसीवर समाधान मानू नका.

आता घटनास्थळ ज्यांच्या हद्दीत येते त्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दाखल करा. सोबत एनसीची प्रत आणि साक्षीदारांची यादी जोडा. यादीशिवाय समन्स निघत नाही. रेकॉर्डिंग किंवा व्हॉट्सॲप संदेश असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, त्याचा एक भाग तुम्ही भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. प्रमाणपत्राअभावी चांगले रेकॉर्डिंग वाया गेलेले पाहून खरोखर वाईट वाटते. कलम 351(2) आणि 352 साठी मुदत तीन वर्षांची आहे, पण उशीर झाला की उलटतपासात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

यानंतर तुमचा आणि हजर साक्षीदारांचा शपथेवर जबाब होतो. इथला जबाब, फिर्याद आणि एनसी यांत शब्द बदलले की बचाव पक्षाचे निम्मे काम होते. जबाबाच्या सकाळी तिन्ही कागद वाचून जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 223 नुसार न्यायदंडाधिकाऱ्यांनी गुन्ह्याची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडायची संधी मिळते, म्हणून त्याचा पत्ता अचूक द्या. तो न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असेल तर प्रोसेस (आरोपीला हजर राहण्याचा समन्ससारखा आदेश) काढण्याआधी त्याच संहितेच्या कलम 225 ची चौकशीही व्हावी लागते.

प्रोसेस निघाल्यावर तारखा सुरू होतात आणि सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. समन्स खटल्यात (कमी शिक्षेच्या गुन्ह्यांच्या अशा खटल्यात) फिर्यादी गैरहजर राहिला तर कलम 279 खाली आरोपीची निर्दोष मुक्तता होऊ शकते आणि तीच फिर्याद पुन्हा करता येत नाही. येणे अशक्य असेल तर त्याच दिवशी वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. तडजोड करायची झाल्यास 351(2) आणि 352 या दोन्ही कलमांत ती तुमच्या संमतीने होते, न्यायालयाची परवानगी लागत नाही. पण अटी लेखी घेतल्याशिवाय तडजोडीच्या पुरशिसीवर (न्यायालयात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही करू नका.